भूमध्यसागरी हवामानातलं सार्वजनिक उद्यान: लागवडीचा आराखडा करताना

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. भूमध्य समुद्राकाठच्या एका शहरात चार हेक्टरचं सार्वजनिक उद्यान होणार आहे आणि लागवडीचा आराखडा प्रश्नकर्त्याच्या हाती आला आहे. पहिल्या मसुद्यात साठ टक्के लॉन, मुख्य वाटेच्या दुतर्फा कॅनरी पाम, प्रवेशापाशी जुने, जाड खोडाचे ऑलिव्ह, उतारावर लॅव्हेंडरचे पट्टे आणि कडेनं कण्हेर असा बेत आहे. नगरपालिकेचं म्हणणं असं की ऑगस्टमध्येसुद्धा बाग हिरवीगार आणि फुललेली दिसली पाहिजे, पाणी मात्र बेतानंच मिळेल. ही यादी चालेल का, आणि चालणार नसेल तर काय बदलावं?

यादीतली निम्मी झाडं चांगलीच आहेत. घोळ आहे तो ऑगस्टच्या अपेक्षेत, म्हणून आधी तेच बघू.

आपण मान्सूनच्या मुलखात शिकलेली माणसं. ऊब आणि ओल एकत्र येते आणि झाडं वाढतात, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथे नेमकं ते होत नाही. पाऊस पडतो हिवाळ्यात, तेव्हा थंडी असते. ऊन तापतं तेव्हा सलग तीन-चार महिने थेंब नसतो. त्यामुळे वाढीला दोनच खिडक्या मिळतात: पहिल्या पावसानंतरचा शरद आणि मग वसंत. उन्हाळा हा तिथल्या वनस्पतींच्या विश्रांतीचा काळ. काही जण पानं लहान, जाड आणि चिवट ठेवून तग धरतात, उदाहरणार्थ होम ओक, मॅस्टिक, मर्टल. काही जण पानांवर करडी लव वाढवतात. युफोर्बियाची एक झुडुपवजा जात आणि कॅलिफोर्नियाचा बकआय तर उन्हाळ्यात चक्क पानं गाळतात. अकँथस जमिनीत परततो. सायक्लामेन आणि समुद्रकांदा कंदाच्या रूपात खाली दडून बसतात. बघणाऱ्याला वाटतं झाड मेलं. माळी घाबरून पाणी सोडतो आणि मग ते खरंच मरतं.

हे मी गमतीनं म्हणत नाही. कॅलिफोर्नियातल्या जुन्या लाइव्ह ओकांची, म्हणजे सदाहरित ओकांची, गोष्ट त्या भागातला प्रत्येक वृक्षतज्ज्ञ सांगेल. शंभर-दोनशे वर्षं बिनपाण्याच्या उन्हाळ्यात ठणठणीत राहिलेलं झाड, त्याच्या बुंध्यापर्यंत कोणीतरी लॉन आणतं आणि फवारे बसवतं. पहिली काही वर्षं सगळं छान दिसतं. मग शेंड्याकडच्या फांद्या विरळ होऊ लागतात. बुंध्याशी वाकून बघितलं तर जमिनीलगतची साल काळपट, ओलसर झालेली असते. नखानं जरा खरवडलं की ती सुटून येते आणि आत पांढरी, पंख्यासारखी पसरलेली बुरशी दिसते. शरदात तिथेच मधाच्या रंगाच्या अळंब्यांचे झुबके उगवतात. उबदार माती आणि ओल ही जोडी या बुरशांना हवीच असते, आणि उन्हाळ्याचं पाणी ती आयती पुरवतं. सिनोथस, सिस्टस, लॅव्हेंडर या झुडपांचंही तसंच. म्हणून माझा पहिला नियम: जुनं देशी झाड जागेवर असेल तर त्याच्या घेराखाली लॉन नको, ठिबक नको, पायवाटेचा भरावही नको. खाली पडलेल्या पानांचं आच्छादन तसंच राहू द्या.

मग नगरपालिकेला काय सांगायचं? दोन गोष्टी वेगळ्या करून सांगायच्या. हिरवं देता येतं; मॅस्टिक, मर्टल, आर्ब्यूटस, कॅरोब, होम ओक हे ऐन ऑगस्टमध्येही गडद हिरवे असतात. भरपूर फुलं मात्र सगळीकडे देता येत नाहीत. ती मोजक्या जागी द्या, जिथे लोक थांबतात तिथे: प्रवेश, कॅफेची कड, बाकांची जागा. उन्हाळ्यात फुलणारी आणि कमी पाण्यात निभावणारी झाडं आहेतच. आपल्या निर्गुडीची बहीण व्हायटेक्स आग्नस-कास्टस ऐन उन्हाळ्यात निळी फुलते. कण्हेर तर अख्खा उन्हाळा फुलते. डाळिंब, भिंतीच्या भेगांमधून लोंबणारी केपर, आणि दव गोठत नसेल तिथे बोगनवेल. उन्हाळ्याच्या शेवटी समुद्रकांदा उघड्या, करपलेल्या जमिनीतून एकही पान नसताना मीटर-दीड मीटरचा पांढरा तुरा काढतो. शंभर-दीडशे कंद वाटेच्या कडेला पेरून ठेवा, लोक आपोआप थांबतात. बाकीची बाग फेब्रुवारी ते जून फुलू द्या आणि ऑगस्टमध्ये तिला करडी-पिंगट राहू द्या. हे पहिल्याच बैठकीत, महिन्यांप्रमाणे रंगवलेल्या तक्त्यासकट मांडा. नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

आता लॉन. आकडे मांडल्याशिवाय हा वाद मिटत नाही. जुलैत अशा शहरात मानक गवताच्या हिशेबानं दिवसाला 6 ते 7 मिलिमीटर पाणी हवेत उडून जातं. थंड हवामानाच्या गवताला त्यातलं साधारण 80 टक्के परत द्यावं लागतं. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर; 7 मिलिमीटर धरले तर एका चौरस मीटरला रोज 5.6 लिटर. तुमचं लॉन 24,000 चौरस मीटर, म्हणजे रोज 1,34,400 लिटर, आणि फवाऱ्यांतून वाऱ्यावर उडणारं पाणी यात धरलेलंच नाही. कॅलिफोर्नियात झाडांच्या पाण्याची गरज वर्गवार ठरवणारी वुकॉल्स नावाची पद्धत आहे. तिच्यात कमी पाण्याच्या झाडांचा गुणक, म्हणजे उडून जाणाऱ्या पाण्यातला परत द्यायचा हिस्सा, 0.1 ते 0.3 असतो. 0.2 धरला तर तेवढ्याच जागेला दिवसाला 33,600 लिटर लागतील. शिवाय तिथल्या स्थानिक झुडपांना रुजल्यावर बहुतेक उन्हाळे एवढंही लागत नाही.

लॉन काढूनच टाका असं मात्र मी म्हणणार नाही. पोरांना पळायला, लोकांना पथारी पसरायला मोकळी गवताळ जागा लागतेच आणि सार्वजनिक बागेत तो लोकांचा हक्क आहे. खेळापुरतं तीन-चार हजार चौरस मीटर ठेवा, उन्हाळ्यात तग धरणारं बर्म्युडा किंवा झोयसिया लावा (बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच), आणि ते हिवाळ्यात पिवळं पडेल हे आधीच सांगून ठेवा. ज्या लॉनवर फक्त माळी यंत्र घेऊन जातो ते लॉन काढा. कॅलिफोर्नियानं 2023 च्या कायद्यानं याच धर्तीवर व्यापारी, औद्योगिक आणि संस्थांच्या आवारातल्या निव्वळ शोभेच्या गवताला पिण्याचं पाणी घालणं टप्प्याटप्प्यानं बंद करायचं ठरवलं आहे.

वाचलेलं पाणी कुठे घालायचं? सावलीत. या हवामानात उद्यान वापरलं जाईल की नाही हे सावली ठरवते, फुलं दुय्यम. बाकांवर आणि खेळाच्या जागेवर पानगळीची झाडं घ्या, म्हणजे हिवाळ्यातलं ऊन खाली येतं. सेल्टिस ऑस्ट्रालिस हे त्यातलं फार गुणी झाड आहे, दुष्काळ सोसतं, गर्द सावली देतं आणि फारशी तक्रार करत नाही. वसंतात नुसत्या फांद्यांवर गुलाबी फुलणारं ज्यूडास ट्री लहान जागांना बरं. वाऱ्याच्या बाजूला आणि कडेला सदाहरित: होम ओक, कॅरोब, आणि आम्लधर्मी माती असेल तर बुचाचा ओक. चुनखडीच्या जमिनीत बुचाचा ओक लावायच्या भानगडीत पडू नका. स्टोन पाइनची छत्री देखणी असते, पण तिची मुळं फरसबंदी उचलतात, त्यामुळे ती गवतात किंवा मुरमाच्या मोकळ्या पटांगणात हवी. शिवाय रोममधल्या पाइनना गेली काही वर्षं एका परदेशी खवले किडीनं हैराण केलं आहे, तेव्हा पाइनचं अख्खं बनच करावं असं आज कोणी सुचवणार नाही.

इथून मी रोगांकडे येतो, कारण तुमच्या यादीतल्या दोन गोष्टी मला खरोखर खुपतात. पहिली, कॅनरी पामची रांग. रेड पाम वीव्हिल या भुंग्यानं भूमध्य समुद्राभोवती हे झाड अक्षरशः पोखरून काढलं आहे. अळ्या शेंड्याच्या गाभ्यात वाढतात आणि पानं छत्रीसारखी खाली लोंबू लागेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. प्रत्येक झाडाला वर्षानुवर्षं औषध द्यायची नगरपालिकेची तयारी असेल तर दोन-चार झाडं लावा, रांग नको. नाही तरी पामची सावली ती केवढी! दुसरी, जुने ऑलिव्ह. झायलेला फास्टिडिओसा हा जिवाणू 2013 मध्ये इटलीच्या पुलिया भागात सापडला आणि त्यानं तिथल्या ऑलिव्हच्या बागाच्या बागा वाळवल्या. पुढे तो कॉर्सिका, दक्षिण फ्रान्स आणि मायोर्कामध्येही आढळला. तो कण्हेर, रोझमेरी आणि लॅव्हेंडरवरही राहतो, म्हणजे तुमच्या मसुद्यातल्या पाचपैकी तीन गोष्टी एकाच रोगाच्या पाहुणचाराला तयार आहेत. झाडं खरेदी करताना युरोपातला प्लांट पासपोर्ट, म्हणजे रोपाच्या आरोग्याचा अधिकृत दाखला, बघा, आणि शक्य तितकी रोपं त्याच प्रदेशातल्या रोपवाटिकेतून घ्या.

एकाच जातीवर भिस्त ठेवल्याचं सर्वात ठसठशीत उदाहरण म्हणजे फ्रान्समधला मिदी कालवा. त्याच्या काठानं सुमारे 42,000 प्लेन, म्हणजे आपल्या चिनारच्या कुळातली झाडं होती. 2006 मध्ये तिथे एक बुरशी आढळली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेहून आलेल्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ती युरोपात आली असं मानतात. तेव्हापासून तिथली हजारो झाडं पाडून जाळावी लागली आहेत. फ्रँक सँटामूर यांनी 1990 मध्ये शहरी वृक्षांसाठी एक मोजमाप सुचवलं होतं: एकूण झाडांत एका जातीची 10 टक्क्यांहून, एका प्रजातीची (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची) 20 टक्क्यांहून आणि एका कुळाची 30 टक्क्यांहून जास्त झाडं नकोत. चार हेक्टरच्या बागेत ते काटेकोर पाळणं अवघड आहे, पण आराखडा झाल्यावर एकदा मोजून बघा. आकडा डोळ्यांपुढे आला की हात आवरता येतो.

जुन्या ऑलिव्हबद्दल अजून एक. पाचशे वर्षांचं खोड क्रेननं आणून बसवलं की उद्घाटनाचा फोटो छान येतो. पण त्याची मुळं छाटलेली असतात, ते सावरायला कित्येक वर्षं घेतं आणि तोवर पाणी मागत राहतं. आणि कुठल्यातरी शेतातून ते उपटलेलं असतं, तेही विसरू नका. प्रवेशापाशी एखादं हवंच असेल तर घ्या. बाकी सगळी रोपं लहान घ्या. लोकांना पटत नाही, पण या हवामानात एक-दोन लिटरच्या कुंडीतलं झुडूप दहा लिटरच्या कुंडीतल्याला तीन-चार वर्षांत गाठतं आणि बहुधा मागेही टाकतं. मोठ्या कुंडीतली मुळं कडेकडेनं गोल फिरलेली असतात. रोपवाटिकेत माल घेताना एखादं रोप कुंडीतून काढा आणि बादलीत माती धुऊन बघा. बोटाएवढं जाड मूळ खोडाभोवती वळसा घालून बसलेलं दिसलं तर तो सगळा गठ्ठा परत पाठवा. असं झाड आठ-दहा वर्षांनी, बरोबर मोठं झाल्यावर, स्वतःच्याच मुळांनी आवळून मरतं किंवा वाऱ्यानं आडवं होतं.

लागवड शरदातच. उत्तर गोलार्धात पहिल्या चांगल्या पावसानंतर, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर. दक्षिण गोलार्धात, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या केपला किंवा ऑस्ट्रेलियातल्या पर्थला काम असेल तर एप्रिल ते जून. वरून काही वाढताना दिसत नाही तेव्हा खाली मुळं चाललेली असतात. उन्हाळा येईपर्यंत ती जितकी खोल गेली तितकं पुढचं पाणी वाचतं. ठेकेदार बांधकाम संपवतो मे महिन्यात आणि लगेच लागवड करून बिल काढू पाहतो. निविदेतच लिहून ठेवा की लागवड शरदात होईल आणि तोवर जागा मोकळी राहील. हे एक कलम मिळवण्यासाठी भांडायला लागलं तरी भांडा.

जमिनीचं काम लागवडीइतकंच महत्त्वाचं. बांधकामाच्या गाड्यांनी माती दगडासारखी दाबलेली असते. ती अर्धा-पाऊण मीटर खोल फोडून घ्या, तीही माती ओली नसताना. खत, कंपोस्ट घालून माती सुपीक करायचा मोह टाळा, कारण सिस्टस, रोझमेरी, फ्लोमिस ही गरीब जमिनीतली झुडपं माजली की लवकर मोडतात. चिकण माती असेल तर जाड खडी मिसळून 30-40 सेंटिमीटर उंच उंचवटे करा. लॅव्हेंडर उन्हाळ्यातल्या तहानेपेक्षा हिवाळ्यात पाय ओले राहिल्यानं जास्त मरतं.

रोप लावलं की त्याच्याभोवती आळं करा, तेही नावापुरतं नको. साठेक सेंटिमीटर व्यासाचं, वीत-सव्वावीत उंच बांधाचं, ज्यात 20 ते 30 लिटर पाणी एका वेळी मावेल असं. पहिल्या उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांतून एकदा ते काठोकाठ भरायचं आणि मधल्या काळात जमीन सुकू द्यायची. दुसऱ्या उन्हाळ्यात महिन्यातून एकदा. तिसऱ्या वर्षी झुडपांना बहुधा काही लागत नाही. झाडांना आणखी थोडी वर्षं साथ द्यावी लागते. रोज दहा मिनिटं चालणारं ठिबक याच्या बरोब्बर उलटं काम करतं. वरचा वीतभर थर ओला राहतो, मुळं तिथेच रेंगाळतात आणि ज्या दिवशी पंप बिघडतो त्या आठवड्यात अख्खा वाफा जातो. ठिबकच लावायचं असेल तर ते क्वचित पण तासन्‌तास चालवा आणि सगळ्या वाफ्यांना एकच झडप नको. लॉन, झुडपं, फळझाडं, फुलांचे कोपरे यांच्या वाहिन्या वेगळ्या ठेवा. शुद्ध केलेलं सांडपाणी वापरणार असाल तर त्यातल्या क्षारांची तपासणी करून घ्या आणि त्यानुसार जाती निवडा.

आच्छादन म्हणून झुडपांत 6-8 सेंटिमीटर खडी उत्तम. ओल टिकते, तण कमी होतं आणि खोडाशी कोरडं राहतं. झाडांखाली लाकडाचा भुगा चालेल, फक्त बुंध्याला टेकवू नका. बाकांजवळ पांढरी खडी नको, दुपारी डोळे दिपतात.

लॅव्हेंडरचे पट्टे? फोटोसाठी ठीक. पण लॅव्हेंडर आणि सिस्टस ही दहा-बारा वर्षांची पाहुणी असतात, मग खोड उघडं पडतं आणि मधेच खिंडारं दिसू लागतात. मी ती मिसळून लावतो: भराभर वाढणारी सिस्टस, लॅव्हेंडर, सँटोलिना यांच्यामध्ये हळू वाढणारी मॅस्टिक, मर्टल, आर्ब्यूटस. पहिली आठ वर्षं पहिल्या गटाची; त्यांच्या आडोशानं दुसरा गट उभा राहतो आणि ती थकली की जागा घेतो. वाटेलगत कमरेच्या वर जाणारी झुडपं नकोत आणि झाडांच्या फांद्या डोक्यावरून सव्वादोन मीटर वर हव्यात, म्हणजे संध्याकाळी एकटी बाईसुद्धा बिनधास्त चालू शकते. हे लागवडीच्या नकाशावरच ठरतं, दिवे लावून भरून निघत नाही. अथेन्समधल्या स्टॅव्ह्रॉस निआर्कोस फाउंडेशनच्या केंद्राचं उद्यान जमलं तर जाऊन बघा. तिथे 32 मीटरपर्यंत चढत जाणारा कृत्रिम उतार आहे आणि त्यावर ऑलिव्ह, थाइम, लॅव्हेंडर असा सगळा तिथलाच संसार मांडला आहे.

जगात असं हवामान पाच ठिकाणी आहे: भूमध्य समुद्राचा परिसर, कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेचं केप आणि ऑस्ट्रेलियाचा नैऋत्य व दक्षिण भाग. जमिनीच्या जेमतेम दोन टक्क्यांवर जगातल्या वनस्पतींच्या जवळपास एक पंचमांश जाती, त्यामुळे इकडचं तिकडे लावायचा मोह होतोच. बार्सिलोनाच्या मोंजुइकवर 1999 मध्ये उघडलेलं वनस्पती उद्यान या पाचही प्रदेशांच्या झाडांवरच बेतलेलं आहे. जाती शिकायला त्याच्यासारखी जागा नाही. मात्र हवामान जुळलं म्हणजे माती जुळली असं होत नाही. केपची प्रोटिया, ऑस्ट्रेलियाची बँक्सिया यांची मुळं फॉस्फरस जवळपास नसलेल्या मातीसाठी घडलेली असतात, साध्या खतानंही ती विषबाधा झाल्यासारखी मरतात. आणि जी झाडं नव्या मुलखात फारच खूष होतात ती त्याहून वाईट. केपचं आइस प्लांट आणि दक्षिण अमेरिकेचं पँपास गवत दोन्ही स्पेनच्या आक्रमक वनस्पतींच्या यादीत आहेत. नगरपालिकेच्या जुन्या यादीतून ती हमखास डोकावतात, खोडून टाका.

शरदातला पाऊस मुसळधार येतो, ऑक्टोबर 2024 मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या परिसरात आलेला महापूर सगळ्यांनी पाहिला. तेव्हा सखल भागात पाणी मुरायला उथळ चर ठेवा. त्यात ओढ्याकाठची झाडं घ्या: कण्हेर, व्हायटेक्स, झाऊ. ही मुळात कोरड्या नदीपात्रांतलीच, हिवाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात ठणठणाट दोन्ही झेलतात. तुमची कण्हेर कडेवरून काढून इथे आणा. तिचा प्रत्येक भाग विषारी, त्यामुळे मुलांच्या खेळाच्या जागेपासून लांब.

बारीकसारीक दोन-तीन गोष्टी. ऑलिव्ह फरसबंदीवर नको, फळं चिरडून काळे डाग पडतात आणि पाय घसरतो. तिथे हवंच असेल तर स्वॉन हिलसारखी बिनफळाची जात. कॅरोबची नर झाडं शरदात फुलतात तेव्हा वास अगदी नकोसा असतो, कॅफेजवळ मादी झाड मागून घ्या. सरूचे परागकण हिवाळ्याच्या शेवटी अ‍ॅलर्जीवाल्यांना छळतात, भिंतीसारखी लांबलचक रांग करू नका.

देखभालीचं पान मात्र सविस्तर लिहा. लॅव्हेंडरची छाटणी फुलं ओसरल्यावर वर्षातून एकदा, पण पानं नसलेल्या जुन्या लाकडात कात्री घालायची नाही. झुडपांचे चेंडू आणि ठोकळे करायचे नाहीत. ऑगस्टमध्ये पिंगट पडलेलं काहीही नोव्हेंबरपर्यंत उपटायचं नाही. आणि तिसऱ्या वर्षाच्या शरदात झुडपांच्या वाफ्यांची झडप कोण बंद करणार, त्या पदाचं नाव करारात घाला. मी पाहिलेल्या बहुतेक बागांत तात्पुरतं म्हणून घातलेलं ठिबक दहाव्या वर्षीही रोज पहाटे चालू असतं, कारण बंद करण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे कुठेच लिहिलेलं नसतं.